औषध मिळाले, मजुरीचे काय?

भारतात 2022 या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि 98 हजारांवर स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा रोग साधारण दहा वर्षे अलीकडेच गाठतो. कापूस वेचणारी, ऊसतोडीला जाणारी, पदरी लहान मुले असलेली तरुण स्त्रीही त्यातून सुटत नाही. उमरी तालुक्यातील अशा स्त्रीसाठी शासनापाशी काय आहे?

योजना नाही असे नव्हे. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली दुसऱ्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पाच लाखांपर्यंत उपचार मोफत देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. त्याचे स्वागतच आहे. पण केमोथेरपीच्या फेऱ्या महिनोन्‌महिने चालतात, किरणोपचार आठवडेच्या आठवडे रोज घ्यावे लागतात. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर, बार्शी नाहीतर मुंबईचे टाटा रुग्णालय गाठायचे, तर तिची मजुरी बुडते आणि सोबत्याचीही. बिल सरकार भरते. चूल कोणी पेटवायची?

कारखान्यातील विमाधारक कामगाराला कर्करोग झाल्यास राज्य कामगार विमा योजनेखाली दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या 80 टक्के रक्कम मिळू शकते. हा कामगार चळवळीने मिळवलेला हक्क आहे. शेतमजूर स्त्रीच्या वाट्याला फार तर संजय गांधी निराधार योजनेचे, 2023 च्या वाढीनंतरचे, महिना 1500 रुपये. म्हणजे दिवसाला 50 रुपये. रोग एकच, श्रमही तेच. मग हा भेद का?

2016 च्या केंद्रीय धोरणानुसार तपासणी 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची होते. त्याहून तरुण स्त्री तीत येतच नाही. टाटा रुग्णालयाच्या मुंबईतील वीस वर्षांच्या अभ्यासात हाताने केलेल्या नियमित तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांचे मृत्यू घटले. त्याआतील वयात तसा निश्चित लाभ दिसला नाही. तेव्हा शिबिरांच्या फिती कापून तरुण स्त्रीचा प्रश्न सुटणार नाही. गाठ लागल्याचे तिने सांगताच ‘वय लहान आहे, काही नसेल’ असे म्हणून तिला परत न धाडता तातडीने निदान होणे, हीच तिची निकड आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. गाठीची तपासणी नांदेडच्या शासकीय महाविद्यालयात पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी. उपचारकाळात रुग्ण व सोबती यांना किमान वेतनाइतका भत्ता मिळावा. केमोथेरपीने मातृत्वावर काय परिणाम संभवतो, हे उपचारापूर्वीच सांगितले जावे. आजारपणात टाकून दिलेल्या स्त्रीला निवारा व कायद्याचे साह्य मिळावे.

1948 साली बँक लुटून निजामशाहीविरुद्धच्या लढ्याला बळ देणाऱ्या उमरीला हक्कांची भाषा शिकवावी लागत नाही. कार्यकर्त्यांनी गावोगाव व तांड्यातांड्यांवर अशा भगिनींच्या घरी जावे, त्यांचे अर्ज भरून घ्यावेत आणि ते तहसील कचेरीत घेऊन जावेत. ही दयेची याचना नव्हे. श्रमिकांच्या हक्काची मागणी आहे.