आधी मोजा, मग खोला!

जुन्या मोटारीचं ॲव्हरेज घसरलं, की आपल्याकडे आरोपी ठरलेला : कार्बुरेटर! पंचनामा नाही, साक्षीपुरावा नाही, थेट फाशी. आमच्या पद्मिनीबद्दलही येवल्यातल्या प्रत्येक मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधीच हाच निकाल दिला.

माझा याला सक्त विरोध आहे. बँकेत रोकड जुळली नाही तर आम्ही तिजोरी फोडत नाही, आधी व्हाउचरं तपासतो. टाकी काठोकाठ भरा, दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा. मनमाड रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर पडताळून पाहा. मीटरच कमी दाखवत असेल, तर उधळपट्टीचा ठपका गाडीवर कशाला?

मग टायरमधली हवा बघा. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. अडखळलं तर ब्रेक धरून बसलाय. चोक पुरता आत जातोय का? एअर फिल्टर धुळीने बुजलाय का? एवढं करूनही प्लगवर काजळी दिसली, तरच कार्बुरेटरला समन्स काढा.

कुर्ल्याचा कारखाना कधीच थांबला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. मूळचा धडधाकट कार्बुरेटर एकदा भंगारात गेला, की तसा दुसरा आणायचा कुठून?

पैठणीचा धागा तुटला म्हणून इथला विणकर माग मोडत नाही. तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो आणि पुढे विणतो. आमच्या मिस्त्रीमंडळींनी चार दिवस त्याच्याकडे उमेदवारी करावी!