निवेदन लिहिणारा हात लेखकाचाच

"मला लिहिता येत नाही," असं चळवळीतले अनेक तरुण म्हणतात. मग तहसीलदाराला दिलेलं निवेदन कोण लिहितं? त्यात तारीख, गाव, घटनाक्रम, कायद्याचं कलम आणि शेवटी ठाम मागणी असते. ऐकीव गोष्ट आपण त्यात घालत नाही. देण्याआधी चार जणांना वाचून दाखवतो. मित्रांनो, या लेखकाच्याच सवयी आहेत!

१८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणारी मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी होती. लेखकपणाचा दाखला तिने कुणाकडे मागितला नाही. आपण गप्प राहिलो, तर वस्तीवरचा हल्ला 'किरकोळ वाद' म्हणून छापला जातो. म्हणून निवेदनाची पोच घ्या आणि त्याच मुद्द्यांवर लेख लिहा.

जय भीम!