मागावरची नक्षी आणि अजगराची कातडी

१/ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर विणली जाते तेव्हा नक्षी आधी ठरते, कापड मागाहून येते. परदेशांतील हौशी बाजारात गेली तीसएक वर्षे हीच रीत एका जिवंत प्राण्याला, पाळीव अजगराला, लावली जात आहे. कापड आणि कातडी यांत फरक कोठे पडतो, आणि आपल्या कायद्याला तो का दिसत नाही, याविषयी हा थ्रेड.

२/ प्रथम माग. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील जोसेफ-मारी जॅकार्ड याने छिद्रे पाडलेल्या कार्डांनी नक्षी विणणारी यंत्रणा सिद्ध केली. कोणता उभा धागा उचलायचा, हे कार्डावरील छिद्र ठरवते. सोलापुरी चादरीची ओळख याच विणीवर उभी आहे. कार्ड बदलले की मोर जाऊन फूल येते; चादरीची ऊब मात्र तशीच राहते.

३/ आता साप. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील एक लहान अजगर घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून त्याला बॉल पायथन म्हणतात. बेनिनमधील विदा या गावी त्याचे मंदिर आहे. तेथे तो पूज्य मानला जातो. त्याच बेनिनमधून, तसेच घाना आणि टोगोमधून, तो पाळण्यासाठी मोठ्या संख्येने परदेशी गेला. त्याचा मूळ रंग तपकिरी-काळा, रानातल्या पाचोळ्यात मिसळून जाणारा.

४/ १९९२ मध्ये अमेरिकेतील बॉब क्लार्क यांनी या जातीत पिवळा-पांढरा अल्बिनो रंग पुढील पिढीत उतरतो, हे प्रजननातून दाखवले. रानात असा रंग शत्रूच्या चटकन नजरेस येतो. पिंजऱ्यात तोच भाव खाऊन जातो. तेथून नव्या रंगांची चढाओढ लागली.

५/ या चढाओढीचे गणित जुने आहे. ग्रेगर मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्यांवर मांडलेले नियम १९०० पर्यंत दुर्लक्षित राहिले. अल्बिनो रंग अप्रभावी असतो: दिसायला साध्या, पण तो गुण वाहणाऱ्या नर-मादीची सरासरी चारांतील एक पिल्ले अल्बिनो निघतात. साधा दिसणारा सापही त्यामुळे ‘वाहक’ म्हणून चढ्या भावाने विकता येतो.

६/ हौसेतून विद्येलाही लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या कातींमधून अमेरिकेतील संशोधकांनी डीएनए मिळवला, आणि कोणत्या जनुकातील बदलाने काळे रंगद्रव्य नाहीसे होते, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी सापाला इजा करावी लागली नाही.

७/ सर्वच रंग असे निरुपद्रवी नाहीत. १९९९ च्या सुमारास ‘स्पायडर’ हा वंश पुढे आला: अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघ. हा गुण प्रभावी आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. त्याच्यासोबत डोके डोलणे, तोल जाणे, भक्ष्यावरचा नेम चुकणे हेही येते. कोणाला कमी, कोणाला अधिक. २०२२ मधील एका अभ्यासाने सूक्ष्म सीटी स्कॅनद्वारे या सापांच्या आंतरकर्णाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची, रचनाच बिघडलेली असल्याचे दाखवले.

८/ असे का व्हावे? गर्भावस्थेत रंगपेशी ज्या पेशीसमूहातून निघतात, तोच समूह चेतासंस्थेच्या आणि कानाच्या जडणघडणीतही भाग घेतो. अभ्यासकांच्या मते दोहोंचा दुवा तेथे असावा. मागावर नक्षीचे कार्ड वेगळे आणि सूत वेगळे असते. देहात तसे नसते. एकच जनुक अनेक ठिकाणी काम करते. मागावर बिघडलेला नग सेकंड माल म्हणून बाजूला काढता येतो. डोलणारा साप वीस-तीस वर्षे तसाच जगतो.

९/ पैदास करणाऱ्यांचे उत्तर असे: स्पायडर खातो, वाढतो, अंडी घालतो, मग त्रास कसला? पण वंश चालणे आणि सुखाने जगणे या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांचा दुसरा युक्तिवाद, पिंजऱ्यातील पैदाशीने रानातील पकड कमी होते, हा क्षणभर खरा धरला तरी त्यासाठी स्पायडरच निपजवण्याचे कारण उरत नाही.

१०/ भारतात देशी अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळणे गुन्हा आहे. परदेशी जाती २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कक्षेत आल्या आणि २०२४ च्या नियमांनी नोंदणी बंधनकारक झाली. मागणी किती आहे, हे डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळाने पाहिले: बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, खाऊच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक पकडले गेले.

११/ परंतु या तरतुदींचा पाया आंतरराष्ट्रीय व्यापार-करार हा आहे. जात टिकते का, एवढाच त्याचा प्रश्न. त्या जातीतील एकेक जीव कसा जगतो, हा नव्हे. प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखालील २०१७ चे प्रजनन नियम केवळ श्वानांसाठी आहेत. साप या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो.

१२/ ही फट आताच बुजवावी. ज्या रंगासोबत व्यंग येते हे सिद्ध झाले आहे, त्याची पैदास आणि विक्री नियमाने थांबवावी. निरोगी रंगांना हरकत नसावी. बाजार लहान आहे तोवर हे सोपे आहे. कायदा होईपर्यंत एवढे तरी करता येईल: नक्षी पाहून भाव विचारण्याआधी, तो साप उलटा पडल्यावर सरळ होऊ शकतो का, हे विचारावे.