गोकुळधाममधली दिवाळी: सणाचा निबंध सुट्टीच्या आधी का द्यावा?



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात आपण फळ्यावर एक विषय लिहितो. 'मी दिवाळीची सुट्टी कशी घालवली' किंवा 'माझा आवडता सण'. मीही बरीच वर्षं हेच केलं. वहीत काय येणार हे आपल्याला आधीच पाठ असतं. पहाटे उठलो, उटणं लावलं, आईने करंज्या केल्या, किल्ला बांधला, मामाच्या गावाला गेलो. तीस वह्या तपासल्या तरी एकच वही तीस वेळा तपासल्यासारखं वाटतं. आणि आमच्या गावात किल्ला बांधणारं एकही लेकरू मी अजून पाहिलेलं नाही! तो किल्ला गाईडमधून येतो. खरं सांगायचं तर आपण शिक्षक जे तयार निबंध लिहून देतो, त्यांतूनही येतो. म्हणून आज तयार निबंध देत नाही. एक विषय सुचवते, आणि तो कधी द्यावा हे सांगते. 'कधी' हा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

विषय असा: 'गोष्टीतल्या, पुस्तकातल्या किंवा मालिकेतल्या कोणत्या ठिकाणी तुला सण साजरा करायला आवडेल? का?'

हा कल्पनाप्रधान निबंधच आहे. 'सूर्य उगवला नाही तर', 'मी पंतप्रधान झालो तर' या आपल्या नेहमीच्या विषयांच्या रांगेत सहज बसतो. फरक एवढाच, की याचं उत्तर गाईडमध्ये मिळत नाही.

मुलांनी काय निवडलं?

मी परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गाला हा विषय पहिल्यांदा दिला. मला वाटलं होतं, वाचनपेटीतली पुस्तकं आठवतील. निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, गोकुळधाम सोसायटी!

'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका 2008 पासून सुरू आहे. म्हणजे आपल्या वर्गातल्या लेकरांच्या जन्माआधीपासून. तिचं मूळ तारक मेहतांच्या गुजराती लेखमालेत आहे, जी 1971 पासून 'चित्रलेखा' साप्ताहिकात येत होती. मालिकेत गोकुळधाम मुंबईत आहे. गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ, बंगाली, पारशी अशी सगळी बिऱ्हाडं एका आवारात राहतात आणि गणपती असो, नवरात्र असो, होळी असो, सगळे खाली येऊन एकत्र सण करतात. त्यातले भिडे मास्तर तर आपल्याच पेशातले. पहिल्यांदा मी जरा नाराज झाले. इतक्या गोष्टी सांगितल्या, आणि लेकरांना टीव्हीच आठवला? मग स्वतःलाच विचारलं, मला कुणी हा प्रश्न विचारला असता तर मी काय लिहिलं असतं? पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ'. ते पुस्तक 1958 चं. तीही मुंबईच, तेही एकमेकांच्या दारात डोकावणारे शेजारीच. मग लेकरांचं काय चुकलं?

बाकीची उत्तरं ऐका. एकाने हॉगवर्ट्स निवडलं. हॅरी पॉटरचा सिनेमा त्याने टीव्हीवर हिंदीतून पाहिला होता. हॅरीला घरी प्रेमाने बोलावणारं कुणी नाही, म्हणून तो नाताळच्या सुट्टीत शाळेतच थांबतो आणि त्याचा पहिला खराखुरा नाताळ तिथंच होतो. आमच्या या पठ्ठ्याने कारण दिलं होतं, 'तिथं सुट्टीत पण शाळेत जेवण मिळते.' आपल्याकडं सुट्टी लागली की पोषण आहाराची खिचडीही बंद होते, हे त्याला आपल्यापेक्षा नीट माहीत आहे.

एकाने प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधली जत्रा निवडली. ही गोष्ट मी वर्गात सांगितली होती. हमीदकडं फक्त तीन पैसे असतात. बाकीची पोरं खेळणी आणि मिठाई घेतात, आणि तो आजीचे हात भाकरी काढताना भाजतात म्हणून चिमटा घेतो. आमच्या लेखकाने स्पष्ट लिहिलं, 'मी चिमटा घेणार नाही. आमच्या घरी चिमटा आहे. मी मिठाई घेईन.' किती प्रामाणिक! मला हसू आलं आणि मी पूर्ण गुण दिले.

आणखी एकाला पोळा करायचा होता, तोही झुरीच्या घरी. प्रेमचंदांच्याच 'दो बैलों की कथा'मधला झुरी. त्याचे हिरा आणि मोती हे बैल परक्या दारी जातात, मार खातात, कसायाच्या हाती लागतात, आणि तरीही शेवटी आपल्या गोठ्यात परत येतात. मुलाने लिहिलं, 'आमची जोडी गेल्या साली बाजारात गेली. पोळ्याला आम्ही मातीचे बैल पुजले. झुरीचे बैल परत आले होते.' निबंध इथंच संपला होता. खांदमळणी, झूल, शिंगांचा रंग, पुरणपोळी, यातलं काही नाही. 'माझा आवडता सण : पोळा' हा विषय दिला असता तर त्याने हे सगळं ओळीने लिहिलं असतं आणि आपली जोडी विकल्याचं माझ्यापर्यंत कधीच आलं नसतं.

जी वही मी चुकीची तपासली

आता माझी चूक सांगते. या लेखाचं कारण तीच आहे.

गोकुळधाम निवडणाऱ्यांत एक मुलगी होती. अक्षर बरं, शुद्धलेखन बेताचं, वर्गात कमी बोलणारी. तिने चारच ओळी लिहिल्या होत्या. शेवटची ओळ अशी होती: 'गोकुळधाममध्ये दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पण सगळेजण असतात.'

मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि शेरा लिहिला, 'मुद्दा अपूर्ण. सविस्तर लिही.'

सुट्टी संपली. शाळा उघडली. तिची जागा रिकामी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', असाच हिशोब. कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातो आणि पट्टा पडला की, म्हणजे गाळप बंद झालं की, मार्च-एप्रिलमध्ये परततो. दिवाळी कशीबशी घरी होते, कधी तीही होत नाही. त्यानंतर घरांना कुलपं लागतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. काही लेकरं सोबत जातात, धाकट्या भावंडाला सांभाळायला.

म्हणजे 'दिवाळीची सुट्टी कशी घालवली' हा विषय आपण फळ्यावर लिहितो, तेव्हा ज्यांनी तो सर्वांत आधी लिहायला हवा, ती लेकरं वर्गातच नसतात. हे इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ती मुलगी एप्रिलमध्ये परत आली. रापली होती. तिची वही मी कपाटात ठेवली होती, ती दिली. तिने शेरा वाचला आणि विचारलं, "मॅडम, सविस्तर म्हणजे किती ओळी?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. मी तो शेरा खोडला.

म्हणून हा विषय आधी द्या

माझं म्हणणं एवढंच आहे. सणाचा निबंध सुट्टीनंतर देऊ नका. पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी, दसऱ्याच्या आगेमागे द्या. आणि 'तुझ्या घरी सण कसा होतो?' असं सरळ विचारू नका. सरळ विचारलं की लेकरू गाईडमागे लपतं, कारण घरात यंदा काय आहे आणि काय नाही हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. गोष्टीतलं ठिकाण दिलं की लाज उरत नाही. ते लिहितं हॉगवर्ट्सबद्दल, आणि कळतं आपल्याला त्याच्या ताटाबद्दल.

गेल्या वर्षी मी असंच केलं. वह्या वाचताना तीन नावं बाजूला काढली. मुकादमाची गाडी यायच्या आधी तिन्ही घरी गेले. आईवडील कारखान्यावर असताना मुलाला गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आणि लेकरू सोबत जाणारच असेल, तर तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण दोन्हींसाठी नावं आधी लागतात, गाडी निघून गेल्यावर नव्हे. तिघांपैकी दोघं आजीजवळ राहिली आणि शाळेत येत राहिली. तिसरा गेला, कारण त्याच्या बहिणीला सांभाळायला दुसरं कुणीच नव्हतं. निदान तो कार्ड घेऊन गेला.

निबंधाने ऊसतोड थांबत नाही, हे मला कळतं. पण कोण जाणार आहे हे महिनाभर आधी कळणं आणि रिकामा बाक बघून कळणं, यात एका लेकराच्या अख्ख्या सत्राचा फरक पडतो.

काही शंका

'परीक्षेत हा विषय येत नाही,' असं एका सरांनी मला सांगितलं. खरं आहे. पण 'आवडेल' आणि 'का' यांची उत्तरं कारणांसह लिहायची सवय परीक्षेत कोणत्याही निबंधाला उपयोगी पडते.

'लेकरांना स्वप्नात कशाला न्यायचं? आपली माती, आपले सण शिकवा,' असं एका पालकांचं म्हणणं होतं. दादा, आपल्या भाषेतली सणाची सर्वांत आठवणारी पानं कोणती? 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात दिवाळी आहे. भाऊबिजेच्या ओवाळणीचे पैसे आई स्वतःसाठी ठेवत नाही, त्यातून वडिलांसाठी नवं धोतर आणवते, कारण त्यांचं फाटलेलं असतं. इंग्रजीत डिकन्सने 1843 मध्ये 'अ ख्रिसमस कॅरल' लिहिलं, त्यातही लोकांच्या लक्षात राहतं ते गरीब क्रॅचिट कुटुंबाचं जेवणाचं टेबल. हमीदचा चिमटाही तसाच. ही पानं लेकरांना घरापासून लांब नेत नाहीत. आपल्यासारखीच तंगी दुसऱ्या घरातही असते आणि तिथंही सण होतो, हे त्यांना दिसतं.

आणि एक सूचना, माझ्यासकट सगळ्यांसाठी. हे निबंध वर्गात मोठ्याने वाचू नका. भिंतीवर लावू नका. ग्रुपवर फोटो टाकू नका. लेकराने गोष्टीच्या आडून काही सांगितलं असेल, तर आपणही ते आडच ठेवायचं.

वर्गात घेताना

1. आठवडाभर आधी सणाच्या दोन-तीन गोष्टी सांगा. 'ईदगाह' आणि 'श्यामची आई'मधली दिवाळी पुरेशी आहे.
2. मालिका आणि कार्टूनही चालेल म्हणून सांगा. ढोलकपूर लिहिलं तरी नाक मुरडू नका.
3. ओळींची अट घालू नका. चार ओळी आल्या तर चार.
4. पहिल्या वाचनात लाल पेन हातात घेऊ नका. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी.
5. जिथं ओळ अर्धवट वाटेल, तिथं शेरा लिहू नका. मधल्या सुट्टीत त्या लेकराजवळ जाऊन बसा.

पालकहो, तुम्हीही हा प्रश्न घरी जेवताना विचारून बघा. आधी तुमचं उत्तर द्या, मग लेकराचं ऐका. मध्ये बोलू नका.

यंदा दसऱ्याच्या आठवड्यात मी हा विषय पुन्हा देणार आहे. ती मुलगी आता आठवीत आहे, गावातच आजीजवळ राहते. तिने परवा विचारलं, "मॅडम, औंदा तोच विषय आहे का? मला ठिकाण बदलायचंय."

मी विचारलं नाही, कोणतं. वहीत वाचीन.