संगणकाला वाली कोण?

आयर्लंडची सार्वजनिक आरोग्यसेवा चालविणाऱ्या 'हेल्थ सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह' या संस्थेचे संगणक १४ मे २०२१ रोजी खंडणीखोरांनी निकामी केले. क्ष-किरण चित्रे, रक्ततपासण्या, कर्करोगावरील किरणोपचार, सारेच अडले. सहा दिवसांनी कुलपाची किल्ली फुकट मिळाली. तरी सर्व सर्व्हर उघडण्यास सप्टेंबर उजाडला.

या घटनेची चौकशी संस्थेच्या संचालक मंडळानेच बाहेरच्या तज्ज्ञांकडून करवून घेतली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला, हे त्याला भूषणावह आहे. अहवालातील मजकूर तितकासा भूषणावह नाही. चोर १८ मार्चलाच आत शिरला होता. एका कर्मचाऱ्याने ई-मेलने आलेली एक्सेलची फाईल उघडली होती. ३१ मार्चला त्याच संगणकावरील विषाणूरोधक प्रणालीला त्याची चाहूलही लागली. परंतु ती केवळ पाहण्यासाठी नेमलेली होती, अडविण्यासाठी नव्हे! तीस हजारांहून अधिक संगणक मुदत संपलेल्या 'विंडोज ७'वर चालत होते.

त्या कर्मचाऱ्यावर खापर फोडणे सोपे आहे. अहवालाचे बोट मात्र वर जाते. संगणक-सुरक्षेला सर्वस्वी उत्तरदायी असा एकही वरिष्ठ अधिकारी नव्हता, या विषयावर देखरेख ठेवणारी स्वतंत्र समितीही नव्हती. धोक्यांच्या नोंदवहीत मात्र हा धोका रीतसर चढविलेला होता. नोंद होते, खाली सही होते आणि धोका जागच्या जागी राहतो. आपल्याकडील कारकुनांनाही हा अनुभव नवा नाही.

संचालकांनी संगणकशास्त्र शिकावे, असे कोणी म्हणणार नाही. तथापि हिशेबनीस नसलेला संचालकही ताळेबंदावर प्रश्न विचारतोच. जुनी यंत्रे किती, ती बदलण्यास पैसा कोणत्या वर्षी मिळणार, यंत्रणा बंद पडल्यास अपघात विभाग किती दिवस कागदावर चालेल, हे विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. पैसा कोठे खर्चावा हे अखेर मंडळच ठरविते. आणि नव्या शस्त्रक्रियागृहाचे उद्घाटन होते, बदललेल्या सर्व्हरचे होत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि बाह्यरुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. सरकारने संसदेत कारण दिले ते संगणकजाळ्याच्या सदोष विभागणीचे. कारण खरेच असेल; परंतु जाळे आपण होऊन सदोष होत नाही. ते तसेच चालू ठेवावे, हे कोणत्या पातळीवर ठरले किंवा ठरविण्याचे राहून गेले, याचा उलगडा त्या उत्तराने होत नाही.