बैलाचे दात आणि गाडीचे कागद

आमच्या घरात बैल घ्यायचा म्हटले की तो दोन-तीन बाजारांचा विषय असतो. पहिल्या बाजारात बाबा नुसते फिरतात. दुसऱ्या बाजारात बैलाचे तोंड उघडून पाहतात. अदात आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे कळल्याशिवाय किमतीचा शब्द काढत नाहीत. मग खांद्यावरून हात फिरवतात, चार पावले चालवून पाहतात, मूळ मालक कोण ते विचारतात. शेवटी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी बाबांचे लक्ष त्याच्या तोंडाकडे नसते, बैलाच्या तोंडाकडे असते.

हेच बाबा गेल्या वर्षी एका काचेच्या दारातून आत गेले आणि मुके झाले. त्याची ही हकिकत आणि त्यावरून मला जे वाटते ते येथे मांडते आहे.

माझ्या दादाला स्पोर्ट्स कारचे वेड आहे. वेडाला कारण लागत नाही. सचिन तेंडुलकरला २००२ साली ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल लाल फेरारी भेट मिळाली, तिचे चित्र दादाच्या मोबाइलच्या दुकानात अजून लावलेले आहे. खरी स्पोर्ट्स कार आमच्यासारख्यांना परवडत नाही आणि उमरखेडच्या रस्त्यांना ती झेपतही नाही. तिचे पोट जमिनीपासून इतके जवळ असते की पहिल्याच गतिरोधकावर ते घासेल. म्हणून दादाने मधला मार्ग काढला. जोरदार इंजिनाची, बुटकी, लाल, छोटी गाडी, आणि तीही जुनी. किंमत पाच लाख. एक लाख वीस हजार दादाचे, ऐंशी हजार बाबांच्या हळदीचे, उरलेले तीन लाख कर्जाऊ.

गाडी घेतली ती एका मोठ्या शहरातल्या, देशभर शाखा असलेल्या कंपनीच्या दुकानातून. झाडाखालच्या दलालापेक्षा मोठी कंपनी बरी, असे सर्वांनी सांगितले होते. थंडगार हवा, चकचकीत फरशी, गळ्यात पट्टा घातलेला नम्र मुलगा. गाडीच्या काचेवर तपासणी झाल्याचा शिक्का. बाबांनी चपला बाहेर काढल्या, त्या मुलाने हसून त्या परत घालायला लावल्या. त्यानंतर बाबा एक शब्द बोलले नाहीत.

मग कागदांचा गठ्ठा आला. सगळा इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. बाबांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि त्या मुलाला अभिमानाने म्हणाले, “माही पोरगी कॉलेजात हाय. ते वाचंल.”

वाचकहो, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्या गठ्ठ्यातले मला निम्मेही कळले नाही. पण ते सांगायची मला लाज वाटली. बाबांसमोर वाटली, त्या मुलासमोर त्याहून जास्त वाटली. मी पाने उलटली, मान हलवली आणि म्हणाले, “ठीक आहे.” दादाने सही केली. साक्षीदार म्हणून मीही केली.

दुसऱ्या महिन्यात क्लच गेला. खर्च अडतीस हजार. एक वर्षाची हमी होती म्हणून आम्ही परत त्या दुकानात गेलो. त्यांनी शांतपणे कागद दाखवला. झिजणारे भाग, म्हणजे क्लच, टायर, ब्रेक, बॅटरी, हमीतून वगळलेले होते. खाली आमच्या सह्या होत्या. कर्जाचेही तेच. “नऊ टक्के सरळ व्याज” असे आम्ही ऐकले होते. तीन लाखांवर चार वर्षांचे व्याज एक लाख आठ हजार, आणि हप्ता साडेआठ हजार. पण हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या तीन लाखांवरच धरलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब मांडला तर तो दर सोळा टक्क्यांच्या घरात जातो. हे गणित मी नंतर, रात्री वहीत मांडले.

आता प्रश्न असा की चूक कोणाची? दुकानाने फसवले असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मला ते प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्यांनी खोटे सांगितले नाही. जे विचारले नाही ते सांगितले नाही, इतकेच. उलट मोठ्या दुकानाचे काही फायदे आहेत. तेथे बिल मिळते, पत्ता पक्का असतो, तक्रार कोणाविरुद्ध करायची हे ठरलेले असते. दलाल उद्या झाडाखाली सापडेलच असे नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम दुरुस्त केले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारीही त्याचीच मानली जाते. हे चांगलेच झाले.

कागदाचे महत्त्व तर थोरामोठ्यांनाही चुकलेले नाही. सचिनची ती फेरारी भेटीची होती, तरी तिच्या आयातकरावरून देशभर वाद झाला. पुढे २०११ मध्ये ती सुरतेच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतली. म्हणजे तीही अखेर जुनी गाडीच झाली! २०१२ च्या ‘फेरारी की सवारी’ या चित्रपटाचा नायक आरटीओतला कारकून आहे, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. गाडी लोखंडाची असते, पण मालकी कागदाची असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात हेच सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणून विकणाऱ्यानेही नाव बदलेपर्यंत निश्चिंत राहू नये. नमुना २९ आणि नमुना ३० हे दोन अर्ज, आणि आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर ते उतरवल्याचा नमुना ३५, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक हवे.

गाडीलाही दात असतात, हे मला नंतर कळले. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मीटर तीस हजार किलोमीटर दाखवतो आणि ब्रेकच्या पायटाचे रबर मात्र गुळगुळीत झाले आहे, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. सरकारच्या ‘एमपरिवहन’ ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणी कधीची आणि विमा कधीपर्यंत, हे घरबसल्या समजते. यातले काहीही बाबांच्या बुद्धीपलीकडचे नव्हते. बैलाचे वय ओळखणारा माणूस टायरचे वय ओळखू शकत नाही काय? त्यांना कोणी दाखवायला हवे होते. दाखवणारी मी होते, आणि मी मान हलवली.

हक्कही आपल्याला ठाऊक नसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून घेतलेल्या अशा कर्जासोबत मुख्य अटींचे एक पत्रक द्यावे लागते. त्यात वर्षाचा खरा दर लिहावा लागतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. आमच्या गठ्ठ्यात ते पत्रक नंतर सापडले, इंग्रजीत. “मराठीत द्या” असे आम्ही तिघांपैकी एकानेही म्हटले नव्हते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. म्हणजे आम्हाला परक्या शहरात खेटे घालण्याचे कारण नव्हते, यवतमाळ पुरेसे होते.

आपण येथे साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र शिकतो. ते शिकावेच. पण ज्यांच्या घरी आपल्याआधी कोणी शिकलेले नाही, त्यांच्या घरचा प्रत्येक कागद आपल्यापुढेच येणार आहे. कर्जाचा येईल, विम्याचा येईल, सातबाऱ्याचा येईल. घरचे लोक आपल्याला सर्वज्ञ समजतात, आणि तो मान टिकवण्यासाठी आपण न कळलेल्या गोष्टीवर मान हलवतो. माझ्या मते शिकलेल्याचे पहिले लक्षण “मला हे कळले नाही, समजावून सांगा” असे चारचौघांत म्हणता येणे, हे आहे. आमच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात झाडे लावण्याबरोबर एक दिवस कागद वाचण्यासाठी ठेवावा. गावकऱ्यांनी आपापले कागद आणावेत, आम्ही वाचावेत, अडलो तर सरांना विचारावे. आमचेही शिक्षण होईल.

गाडी आता ठीक चालते. दादा खूश आहे, हप्ते फेडतो आहे. बाबांना मी सगळे खरे सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, “मंग तवाच सांगाचं ना बाई. उठून आलो असतो. बाजार काय एकच असते?”

या पोळ्याच्या आधी एक बैल घ्यायचा आहे. बाबांनी मला बाजारात सोबत बोलावले आहे. दात कसे पाहायचे ते शिकवणार आहेत.

(बी. ए. भाग दुसरा)