होटगी ते मारानेल्लो

दोस्तांनो, होटगीहून आठवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. तो लिहितो, "काका, मला इटलीला जाऊन फेरारी बघायची आहे. आमच्या बाबांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. ते म्हणतात, ‘हे श्रीमंतांचे चोचले.’ आणि चुलत्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी दिवाळीआधी भंगारात जाणार. मी काय करू?"

बाळा, खर्चाचं म्हणशील तर बाबांचं बरोबर आहे. विमानाचं तिकीट, राहणं, खाणं, सगळंच महाग. पण बेत आखायला काय पैसे पडतात? घे वही, आण नकाशा!

होटगी जंक्शनवरून सोलापूर, तिथून मुंबई, मग विमान. पहिला मुक्काम तुरीन शहरात. तिथेच का? कारण तिथे १८९९ साली फियाट कंपनी सुरू झाली आणि तुझ्या चुलत्यांची पद्मिनी मूळची फियाटच! ती भारतात बनवली प्रीमियर कंपनीने. ही कंपनी १९४४ साली मुंबईत काढली वालचंद हिराचंद यांनी. त्यांचा जन्म १८८२ सालचा, आणि गाव कुठलं माहीत आहे? आपलं सोलापूर!

तुरीनला लिंगोटो नावाचा फियाटचा पाच मजली जुना कारखाना आहे. खालच्या मजल्यावर सुटे भाग आत जायचे, गाडी जुळत जुळत वर चढायची आणि तयार झाली की थेट गच्चीवर धावायची. हो, गच्चीवर! चाचणीचा रस्ताच तिथे होता. १९८२ साली कारखाना बंद झाला, पण तो रस्ता अजून बघता येतो.

पुढे रेल्वेने मोडेना. एन्झो फेरारी इथे १८९८ साली जन्मले. वडिलांचा लोखंडकामाचा कारखाना घराला लागूनच होता. ते घर आणि कारखाना आता संग्रहालयात आहेत. तिथून साधारण १८ किलोमीटरवर मारानेल्लो. फेरारीच्या नावाची पहिली गाडी १९४७ साली इथूनच बाहेर पडली. इथलं संग्रहालय बघायला अख्खा दिवस ठेव.

शेवटचा मुक्काम सांतागाता बोलोन्येसे, म्हणजे लॅम्बोर्गिनीचं गाव. आता ही गोष्ट बाबांना मोठ्याने वाचून दाखव. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी शेतकऱ्याचा मुलगा. महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या जुन्या गाड्यांचे भाग वापरून त्यांनी आधी ट्रॅक्टर बनवले. स्पोर्ट्स कारची कंपनी काढली ती नंतर, १९६३ साली. मग ट्रॅक्टरचं गॅरेज काय साधं असतं होय?

जायचं मे महिन्यात. तुला सुट्टी असते. ऑगस्टमध्ये इटलीतले पुष्कळ कारखाने सुट्टीवर असतात. पासपोर्टला आईबाबांची संमती लागेल, शिवाय शेंगेन व्हिसा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खुशाल ने. दुधाचे पदार्थ आणि मांस मात्र बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत.

पण या सगळ्याच्या आधीचा एक मुक्काम राहिलाच, चुलत्यांचं अंगण. तिथे जायला व्हिसा लागत नाही, पण तारीख ठरलेली आहे: दिवाळी. चुलत्यांकडून एक रविवार मागून घे. गाडी कोणत्या साली घेतली, चॅसिस नंबर कुठे कोरलाय, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ आहे का, सगळं वहीत लिही. बॉनेट उघडून बाबांकडून १०८९ सीसीचं इंजिन समजून घे. पहिल्यांदा अक्कलकोटला कोण कोण बसून गेलं, हे आजीला विचार.

गाडी वाचेल का? खरं सांगतो, ते तुझ्या हातात नाही. दुरुस्तीला पैसे लागतात, सुटे भाग मिळणं अवघड, नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ साली रस्त्यावरून गेली. पण चुलत्यांना एकदा विचारून तर बघ. नाही म्हणाले, तर बॉनेटवरची अक्षरं तरी मागून ठेव. ती आणि ती वही घेऊन तू कधीतरी तुरीनला गेलास, तर तिथल्या माणसांना सांगायला तुझ्याकडेही काही असेल.

आणि पालकांनो, पोराचा बेत हसण्यावारी नेऊ नका. त्यात इतिहास आहे, भूगोल आहे, आणि खर्चाचा हिशोब मांडला की गणितही आलंच!

दोस्तांनो, तुमच्या गावातली सगळ्यात जुनी गाडी कोणती? शोधा, माहिती काढा आणि मला कळवा. वाट बघतोय.